धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट: नाशिकच्या नळाला त्याची गरज आहे का?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये गोदावरीच्या पाण्यावर बोलणं वाढतं. २०२७ च्या पर्वण्यांच्या तयारीतही तेच चाललं आहे. पाणवेली किती निघाल्या, नाल्यांचं पाणी कुठे वळवलं, घाटावर कपडे आणि गाड्या धुणाऱ्यांना अडवलं का, याची चर्चा रोज होते. त्यात 'फॉस्फेट' हा शब्द हमखास येतो आणि तिथे बहुतेकांचा गोंधळ उडतो. दुकानात काही पाकिटांवर 'फॉस्फेट-मुक्त' असं लिहिलेलं असतं, काहींवर काहीच नसतं, आणि दुकानदारालाही फरक सांगता येत नाही. घाटावरचं धुणं थांबवलं तरी आपल्या मोरीतलं आणि मशीनमधलं पाणी शेवटी त्याच पात्राकडे जातं. म्हणून पावडरीत काय आहे हे प्रत्येक घराला कळायला हवं.

माझं मत आधीच सांगणं बरं. धरणाच्या पाण्यावर धुणं होत असेल तर फॉस्फेटच्या पावडरीला नाशिकमध्ये काहीही कारण उरत नाही. बोअरच्या पाण्यावर होत असेल तर मामला थोडा अवघड आहे, पण उत्तर तिथेही फॉस्फेट नाही.

## फॉस्फेट पावडरीत घालतातच कशाला?

पावडरीतला मळ काढणारा मुख्य घटक म्हणजे सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं एक टोक तेलकट मळाला चिकटतं, दुसरं पाण्याकडे ओढ घेतं आणि मळ कापडावरून सुटतो. हे काम मऊ पाण्यात छान चालतं. जड पाण्यात मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात आणि ते या कामात आडवे येतात. साध्या साबणाशी त्यांचा संयोग होऊन चिकट पांढरा साका बनतो. पावडरीतला सर्फॅक्टंट साबणाइतका हार मानत नाही, पण त्याचीही ताकद घटते. शिवाय कॅल्शियम मळालाच कापडाशी बांधून ठेवतो.

फॉस्फेट म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचं संयुग. पावडरीत त्याचा जो प्रकार घालतात त्याचं नाव सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून ठेवतं, तेही पाण्यात विरघळलेल्या अवस्थेतच, त्यामुळे कपड्यावर खर बसत नाही. सुटलेला मळ पाण्यात तरंगत ठेवतं, परत कापडावर बसू देत नाही. आणि पाण्याचा अल्कलीपणा हवा तेवढाच राखतं. एकाच पदार्थाने ही तिन्ही कामं स्वस्तात करावीत हे दुर्मीळ आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये 'टाइड' बाजारात आली ती याच पदार्थाच्या बळावर, आणि १९६० च्या दशकात तिकडच्या कित्येक पावडरींच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ट्रायपॉलीफॉस्फेट असे. रसायन म्हणून ते उत्तमच आहे. माणसाच्या त्वचेलाही ते धुण्याच्या सोड्यापेक्षा सौम्य आहे. त्रास सुरू होतो तो पाणी मोरीतून बाहेर पडल्यावर.

## नदीवरचा फेस म्हणजे फॉस्फेट का?

नाही. हा गैरसमज इतका रुळला आहे की बातम्यांमध्येही तो दिसतो. तपोवनाच्या खालच्या बाजूला कधी पात्रावर पांढरा फेस तरंगताना दिसला की लोक म्हणतात, फॉस्फेट आलं. फेस मुख्यतः सर्फॅक्टंटचा असतो. फॉस्फेट स्वतः फेस करत नाही, त्याला रंग नाही, वास नाही. ते नदीत आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. फॉस्फेट-मुक्त पावडरही भरपूर फेस करते आणि तिचा फेसही नदीत जातो. पावडर बदलली म्हणून फेस थांबेल अशी अपेक्षा ठेवली तर पदरी निराशा येईल. फेस कमी व्हायचा तर सांडपाण्याला हवा मिळून त्यातला सर्फॅक्टंट जिवाणूंनी खाऊन संपवायला हवा, आणि ते काम मलजल शुद्धीकरण केंद्राचं आहे.

## मग फॉस्फेट नदीत जाऊन करतं काय?

खत घालतं. पाण्यातल्या शेवाळाला आणि पाणवेलींना वाढायला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस असं बरंच काही लागतं. कार्बन हवेतून मिळतो. नायट्रोजनही हवेत आहे आणि नील-हरित जिवाणूंच्या काही जाती तो थेट हवेतून घेऊ शकतात. फॉस्फरस मात्र हवेत वायुरूपात नसतो. तो खडकातून, मातीतून किंवा सांडपाण्यातूनच यावा लागतो, आणि निसर्गात विरघळलेल्या रूपात तो फार थोडा असतो.

घराच्या बांधकामावर वाळू आणि विटांचे ढीग पडलेले आहेत, पाणीही आहे, पण सिमेंटच्या गोण्या मोजक्या आहेत, तर भिंत किती उंच जाणार हे सिमेंट ठरवतं. गोड्या पाण्यात फॉस्फरस हे बहुतेक वेळा ते सिमेंट असतं. शेवाळाच्या घडणीत फॉस्फरसचा वाटा इतका लहान असतो की एक ग्रॅम फॉस्फरस मिळाला तर, बाकी सगळं हाताशी असताना, शंभर ग्रॅमहून जास्त कोरडं शेवाळ तयार होऊ शकतं. ओलं वजन तर कित्येक पट.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याचा आकार मधोमध चिंचोळा. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र फक्त एकीकडे. त्याच उन्हाळ्यात फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी बाजू निळी-काळी राहिली. विमानातून काढलेला तो फोटो जगभर गेला. त्याआधी साबण-डिटर्जंट उद्योगाचं म्हणणं होतं की दोष फॉस्फरसचा नसून कार्बनचा आहे. या एका फोटोने तो वाद जवळपास मिटवला. शास्त्राची बाजू सामान्य माणसाला इतक्या स्वच्छपणे दिसावी असे प्रसंग थोडे.

शेवाळ वाढलं तर बिघडतं काय, हाही रास्त प्रश्न आहे. शेवाळ मरतं, तळाशी कुजतं, आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे गुदमरतात, पाण्याला वास येतो. नील-हरित जिवाणूंच्या काही जाती विष तयार करतात. पाणवेलीची चादर पसरली की खाली उजेड जात नाही आणि संथ पाण्यात डासांची सोय होते.

## गोदावरी तर वाहती नदी आहे, तळं थोडंच आहे?

पावसाळ्यात वाहती, हे खरं. उन्हाळ्यात गंगापूर धरणातून सोडलं तेवढंच पाणी पात्रात येतं, आणि आनंदवलीपासून तपोवनापर्यंत बंधारे आणि पूल यांच्यामध्ये ते डबक्यासारखं साचतं. पाणवेली तिथेच माजतात. पहिला मोठा पूर आला की त्या सगळ्या खाली वाहून सायखेडा-चांदोरीकडे जातात. नाशिककरांची सुटका होते आणि खालच्या गावांच्या पुलांना वेलींचा विळखा बसतो.

त्याच्याही खाली, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. पाणी उथळ, गाळ भरपूर, ऊन भरपूर. हजारो स्थलांतरित पक्षी तिथे उतरतात. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. उथळ, संथ, उबदार पाणी हे फॉस्फरसचा परिणाम दिसायला सगळ्यात सोयीचं ठिकाण. आपल्या मोरीतून जे सुटतं त्याचा हिशेब तिथे लागतो, आणि तिथून पुढे जायकवाडीत. एवढ्या अभिमानाने सांगण्यासारखी जागा आपल्या जिल्ह्यात असताना तिच्या वरच्या अंगाला आपण काय सोडतो याकडे दुर्लक्ष करणं मला पटत नाही.

## फॉस्फेट काढलं तर त्याच्या जागी काय घालतात?

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे धुण्याचा सोडा. आपल्याकडच्या स्वस्त पावडरींमध्ये तो पूर्वीपासून भरपूर असतो. तोही कॅल्शियमला बाजूला करतो, पण धरून ठेवत नाही. त्याचा चुना बनवून खाली बसवतो. हा चुना कपड्यावरही बसतो. जड पाण्यात सोड्याच्या पावडरीने वर्षभर धुतलेला टॉवेल कडक आणि करडा होतो तो यामुळे. शिवाय सोडा जास्त अल्कली आहे. हाताने धुणं धुणाऱ्या मावशींच्या बोटांना भेगा पडतात, त्यात त्याचा मोठा हात असतो. फॉस्फेट-मुक्त म्हणजे आपोआप चांगली, असं म्हणताना हे विसरू नये.

दुसरा पर्याय झिओलाइट. हा अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचा, पाण्यात न विरघळणारा बारीक पदार्थ. तो स्वतःतलं सोडियम देतो आणि पाण्यातलं कॅल्शियम घेतो. सोबत पॉलिकार्बोक्झिलेट नावाचा मळ तरंगत ठेवणारा घटक घातला की फॉस्फेटची बहुतेक कामं भागतात. जिवंत सृष्टीला झिओलाइटमधून खत मिळत नाही. तो गाळात जाऊन बसतो. कमी पाण्यात खंगाळलं तर गडद कपड्यांवर कधी त्याची पांढरी भुकटी दिसते, हाच काय तो त्याचा दोष. लिक्विडमध्ये सहसा सायट्रेटसारखे विरघळणारे घटक असतात, फॉस्फेट नसतं.

रिठ्याचा उल्लेख केला नाही तर कुणीतरी विचारणारच. रिठा फॉस्फेट-मुक्त आहे आणि रेशमी साडीला उत्तम आहे. पण त्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं, त्यामुळे नैसर्गिक म्हणून ओढ्याकाठी रिठ्याने धुणं धुवावं असा अर्थ काढू नये.

## "फॉस्फेटशिवाय कपडे निघतच नाहीत"

ही तक्रार खोटी नाही, पण ती कोणत्या पाण्याबद्दल आहे ते आधी विचारायला हवं. फॉस्फेटचं मुख्य काम जड पाण्याला आवरण्याचं. पाणीच मऊ असेल तर ते नुसतं वाहून जातं.

नाशिकला पालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांतून येतं. घाटमाथ्यालगत पडलेल्या पावसाचं हे पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. बोअरचं पाणी वेगळं. ते बेसाल्टच्या भेगांमधून मुरत मुरत येतं आणि वाटेत खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. कित्येक इमारतींमध्ये वापरायच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं, विशेषतः उन्हाळ्यात, आणि राहणाऱ्यांना ते माहीतही नसतं. मग पावडर बदलूनही कपडे नीट निघाले नाहीत की खापर नव्या पावडरीवर फुटतं.

आपलं पाणी कसं आहे हे घरी पाहता येतं. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचे थोडे तुकडे टाकून जोरात हलवा. धुण्याची पावडर किंवा लिक्विड घेऊ नका, ती जड पाण्यातही फेसाळते. वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस नाममात्र आणि पाणी दुधाळ, वर साका, तर जड. शेजारी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याची बाटली अशीच करून ठेवली की फरक लगेच दिसतो. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत 'एकूण कठिणता' तपासून मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ती योग्य मानली आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बादलीच्या कडेला पांढरा थर, नळाच्या जाळीत खडे, गिझरच्या कॉइलवर खर, या खुणाही तेच सांगतात.

## "दोन चमचे पावडरीने नदीला काय होणार?"

आकडे मांडून पाहू. समजा, एका पावडरीत २० टक्के ट्रायपॉलीफॉस्फेट आहे आणि एका धुण्याला १०० ग्रॅम पावडर लागली. म्हणजे २० ग्रॅम ट्रायपॉलीफॉस्फेट. त्याचा चौथा हिस्सा फॉस्फरस, म्हणजे ५ ग्रॅम. माणूस दिवसाला मलमूत्रातून साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. चार माणसांच्या घराचा दिवसभराचा जेवढा, जवळपास तेवढाच एका धुण्यातून गेला. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीला घातलेली मर्यादा एका धुण्याला अर्धा ग्रॅम आहे. आपलं उदाहरण तिच्या दहापट होतं.

या आकड्यांनी मला स्वतःला पटवलं. मलमूत्रातला फॉस्फरस थांबवता येत नाही, शुद्धच करावा लागतो. पावडरीतला न घालूनच संपतो.

## "शेतातल्या खतांचं काय?"

आक्षेप बरोबर आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये ०:५२:३४ आणि १२:६१:० ही विद्राव्य खतं सर्रास वापरली जातात, आणि त्यातले ५२ आणि ६१ हे आकडे फॉस्फरसचेच. शिवाय डीएपीतला फॉस्फरस असतोच. शेतातला फॉस्फरस बराचसा मातीला धरून राहतो आणि पावसात माती वाहिली की तिच्यासोबत नदीत येतो.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या ईरी सरोवराची गोष्ट इथे उपयोगी पडते. १९६० च्या दशकात ते शेवाळाने भरलं होतं. १९७२ च्या करारानंतर दोन्ही देशांनी पावडरीतलं फॉस्फेट आणि सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला आणि सरोवर खरोखर सुधारलं. नंतर शेतीतून येणाऱ्या फॉस्फरसने दुखणं परत आलं. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात शेवाळाचं विष आढळलं आणि चार-पाच लाख लोकांना काही दिवस ते पाणी पिता आलं नाही. पावडर बदलल्याने फायदा झाला हे या गोष्टीतून कळतं, आणि एवढ्याने भागत नाही हेही कळतं. शेतकऱ्याकडे बोट दाखवून शहराने आपली पावडर तशीच ठेवणं, किंवा उलट, दोन्ही चूक.

याच्याच शेजारचा आणखी खोल आक्षेप असा: शहराखालच्या पात्रात आधीच इतका फॉस्फरस असेल की थोडा कमी झाल्याने काही फरकच पडणार नाही? शहराला लागून हे शक्य आहे. तिथे शेवाळाला फॉस्फरस हवा त्याहून जास्त मिळत असतो. पण खाली पाणी पातळ होत जातं आणि नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी थोडा कमी-जास्तही जाणवू लागतो. शिवाय गाळात साठलेला फॉस्फरस ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणजे आज थांबवलं तरी गुण यायला वर्षं लागतील. उशीर जितका, तितका साठा जास्त.

## "शुद्धीकरण केंद्रं आहेत ना?"

आहेत, आणि त्यांची गरज मोठी आहे. पण साधं शुद्धीकरण सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेलं असतं. विरघळलेला फॉस्फरस त्यातून बराचसा पार होतो. तो काढायचा तर तुरटीसारखी किंवा लोहाची संयुगं घालून त्याला गाळात बसवावं लागतं, किंवा फॉस्फरस साठवणारे जिवाणू वाढवणारी खास प्रक्रिया लावावी लागते. दोन्हीला पैसा लागतो, आणि रसायनांचा खर्च येणाऱ्या फॉस्फरसच्या प्रमाणात वाढतो. पावडरीतून कमी आला की हा खर्चही घटतो. केंद्रांच्या नूतनीकरणाची चर्चा होते तेव्हा 'फॉस्फरस काढण्याची सोय आहे का' हा प्रश्न नागरिकांनी आणि नगरसेवकांनी विचारलाच पाहिजे.

## दुकानात काय पाहायचं?

बदल बाजारात आधीच होत आहे. एरियल आणि टाइड बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१४ मध्ये जगभरातल्या आपल्या धुण्याच्या पावडरींमधून फॉस्फेट काढण्याचं जाहीर केलं. भारतीय मानक ब्युरोचं घरगुती पावडरीसाठी आयएस ४९५५ हे मानक आहे. यमुनेच्या फेसानंतर दिल्लीत जून २०२१ मध्ये नव्या मानकात न बसणाऱ्या डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी आली. त्यामुळे फॉस्फेट-मुक्त पावडर शोधायला फार फिरावं लागत नाही.

घटकांची यादी असेल तर 'ट्रायपॉलीफॉस्फेट' किंवा 'एसटीपीपी' आहे का बघा. 'फॉस्फोनेट' दिसलं तर घाबरू नका, तो वेगळा घटक आहे आणि फार थोडा घालतात. अनेक पाकिटांवर पूर्ण यादी नसते. अशा वेळी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारावं. सुटी, बिननावाची पावडर घेताना मात्र आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, ती टाळलेली बरी.

धरणाचं पाणी असेल तर पावडरही कमी घाला. मऊ पाण्यात पाकिटावरच्या मापाहून थोडी कमी पुरते, कपडे लवकर खंगाळले जातात आणि पाणीही वाचतं.

बोअरचं पाणी असेल तर नुसत्या सोड्याच्या पावडरीऐवजी झिओलाइटची पावडर किंवा लिक्विड घ्या, माप पूर्ण घाला, आणि पांढरे कपडे शक्यतो नळाच्या पाण्यात शेवटचे काढा. टॉवेल कडक झाले असतील तर शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातल्याने बसलेला चुना सुटतो. ब्लीचसोबत मात्र व्हिनेगर कधीही वापरू नये, विषारी वायू तयार होतो.

इमारतीत राहत असाल तर सोसायटीच्या सभेत एक विषय मांडता येईल: बोअरची लाइन फ्लशला, झाडांना आणि पार्किंग धुवायला वेगळी काढावी, आणि धुण्याच्या नळाला पालिकेचंच पाणी द्यावं. प्लंबरचा खर्च एकदाच येतो. त्यानंतर पावडर कमी लागते, गिझर आणि मशीन जास्त टिकतात, आणि फॉस्फेटची आठवण काढायची वेळ येत नाही.